नॉर्मलवरून पुढे

बहीण रात्रपाळीची नर्स, तिला सुट्टी नाही,
म्हणून भाचीला कॉलेजं दाखवायचं काम माझ्याकडे आलं.
पिओरियाहून तीन शनिवार, जुनी कोरोला,
मागच्या सीटवर भडंगाचा डबा,
पुढे केतकी, सतरा वर्षांची, कानात इअरफोन,
बोलायचं नाही असं ठरवून बसलेली.

तिन्ही सरकारी. तिन्ही याच राज्यातली.
खाजगीचा विषय बहिणीनं आधीच मिटवलेला,
कॅल्क्युलेटर पालथा ठेवून.

पहिलं ज्या गावात, त्या गावाचं नावच नॉर्मल.
"इथं शिकलीस तर आईला सांगता येईल,
पोरगी नॉर्मल आहे," मी म्हणालो.
ती हसली नाही.
हसली परतताना, घर दोन सिग्नलवर आल्यावर.

दुसरं अर्बाना. मोठं, नावाजलेलं, महाग.
मक्याच्या जुन्या तुकड्यावर सावली पडू नये
म्हणून इथं लायब्ररी जमिनीखाली बांधली म्हणे,
गाइड पोरगा उलटा चालत सांगत होता.
मी तिथंच विरघळलो.
पुस्तकांनी खाली उतरायचं, कणसांनी उन्हात राहायचं!
केतकीनं एवढंच विचारलं,
"खाली खिडकी आहे का?"

माझ्याकडे तक्ता होता.
फी, खोलीचं भाडं, जेवण, शिष्यवृत्ती, घरापासूनचे मैल,
चार वर्षांत सुटणाऱ्यांचे टक्के.
बेरीज पेन्सिलनं केली, खोडता यावी म्हणून.
खरं सांगायचं तर दोनदा खोडली,
अर्बाना पहिलं येईपर्यंत.

तिसरं कार्बनडेल, पार दक्षिणेला, चार तासांवर.
सगळ्यात जास्त पैसे तेच देत होते,
आणि त्याचाच मला संशय.
संध्याकाळी स्वस्त झालेल्या भाजीकडे बघावं
तसा मी इमारतींकडे बघत होतो.
तिथं सपाटी संपते. टेकड्या लागतात, ओकची झाडं, तळं.
भूगर्भशास्त्राच्या एका बाईंनी ट्रेमधला दगड उचलून
केतकीच्या तळहातावर ठेवला.
"वजन सांग."
केतकीनं कानातून इअरफोन काढले.
दगड तिनं बराच वेळ परत दिला नाही.

येताना डुकॉइनच्या फाटकात मालगाडी आडवी आली.
मी डबे मोजत होतो.
चाळिसाव्याला तिनं विचारलं,
"मामा, तू कसं निवडलंस?"

थाप मारायला डबे भरपूर शिल्लक होते.
पण सांगितलं. फॉर्म वडिलांनी भरला.
पसंतीक्रम एक ते सहा, अक्षर त्यांचं, सही माझी.
एस.टी.नं जाऊन दुसऱ्या यादीत नाव बघितलं,
इन्स्ट्रुमेंटेशन, अठ्ठाविसावा.
ते काय असतं हे मी दुसऱ्या सेमिस्टरला विचारलं.

"मग, आवडलं?"

"सवय लागली."

फाटक कधी उघडलं कळलं नाही.
मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न दिला, तेव्हा गिअर टाकला.

घरी आल्यावर तिनं माझ्या तक्त्यात एक रकाना वाढवला.
वर शीर्षक नाही.
नॉर्मलला शून्य, अर्बानाला प्रश्नचिन्ह,
आणि तिसऱ्यापुढे पेनानं एक रेघ,
कागदाच्या कडेपर्यंत गेलेली.

बहीण सकाळी ड्यूटीवरून आली, उभ्यानं वाचलं.
"चार तास," एवढंच म्हणाली,
आणि चहा न घेता झोपायला गेली.
दुपारी उठून बँकेचं कार्ड टेबलावर ठेवलं,
नंबर वर येईल असं.

ऑगस्ट आला तरी अर्बानाची पत्रं येतात.
चौकशीच्या फॉर्मवर पत्ता मी माझा दिला होता
(कुणाला न विचारता, सवयीनं).
जाड कागद, उन्हातला मका, हसणारी चार पोरं,
खाली छापलेलं: तुमच्यासाठी जागा आहे.
मी फेकून देत नाही. उघडतो,
दाराशीच, जोडे न काढता,
शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो.