पाट्यांचं छप्पर

लेकीनं वाढदिवसाला दोन तिकिटं पाठवली,
आणि दुसरं कुणाला द्यावं हे न सुचून
फोल्कमारनं जिना चढून माझ्या दारावर टकटक केली.
सत्याहत्तर वर्षांचा घरमालक, कडक इस्त्रीचा शर्ट,
खिशात कागदात गुंडाळलेला पाव आणि सॉसेज.
बसमध्ये एवढंच म्हणाला,
"किल्ल्यात कधी गेलो नाही. किल्ल्यावर गेलोय."

दारात एक टोपली, टोपलीत नमद्याच्या सपाता,
हत्तीला येतील एवढ्या.
बुटांवरूनच चढवायच्या, लाकडी जमिनीला चरे नकोत म्हणून.
आम्ही वीसेक जण घसरत निघालो,
शाळेची पोरं मुद्दाम, फोल्कमार गुडघ्यांना सांभाळून.
काय धोरणी सरदार, मला वाटलं.
मरून तीनशे वर्षं झाली
तरी लोकांकडून जमीन पुसून घेतोय,
वर माणशी साडेनऊ युरो.

गाइडचं नाव हेन्रिके, आवाज घंटेसारखा.
इथे मेजवान्या व्हायच्या. इथे शस्त्रं.
ही चित्रातली बाई सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली,
एकोणिसाव्या वर्षी वारली.
बाईच्या हातात अर्धं सोललेलं लिंबू.
लिंबू का, ते कुणी विचारलं नाही,
मीही नाही.

फोल्कमार वर बघत होता.
छतावरच्या गुबगुबीत देवदूतांकडे नव्हे,
त्यांच्या पाठीमागे, तुळयांच्याही पलीकडे.
"छप्पर अगदी मूळचं," हेन्रिके म्हणाली, "चारशे वर्षांचं."
फोल्कमार खोकला.
तो खोकला सर्दीचा नव्हता.

चौकात आल्यावर त्यानं बोट दाखवलं.
पूर्वेची उतरण. एका वादळात अर्धी उडाली होती.
दोन उन्हाळे तो आणि एगिनहार्ड तिथे लटकून होते,
तो तेविशीतला, एगिनहार्ड पन्नाशीचा,
कमरेला दोर, तोंडात तांब्याचे खिळे.
"शीफर," तो म्हणाला,
काळानिळा, पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटणारा दगड.
मला शब्द शोधावा लागला नाही.
पाटी.
जिच्यावर मी ग गिरवला, थुंकीनं पुसला,
आणि थुंकीनं पुसला म्हणून मार खाल्ला.
इथे त्याच पाट्या, हजारोंनी,
माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक,
सगळ्या कोऱ्या.

"सगळ्या नाहीत," फोल्कमार म्हणाला.
पन्हळीपासून तिसरी ओळ, झरोक्याच्या डावीकडे.
पालथ्या बाजूला त्यानं खिळ्यानं आपलं नाव कोरलं,
तारीख, आणि त्या दिवशी मसुराचं सूप होतं ते.
एगिनहार्डनं एका बाईचं नाव कोरलं.
"बायकोचं?"
फोल्कमारनं पाव सोडला, अर्धा मला दिला,
आणि बराच वेळ चावत राहिला.

फाटकाशी मधाची टपरी.
मागे गुंडुला, पंचाण्णव वर्षांची, लोकरीची टोपी, धारदार नजर.
एगिनहार्डची विधवा, हे मला नंतर कळलं.
तिनं फोल्कमारला बरणी दिली, सुटे पैसे दोनदा मोजले.
"ऐकलंस का? छप्पर गळतंय.
वसंतात सगळं उतरवणार आहेत.
जुन्या पाट्या गावात वाटणार, आठवण म्हणून.
मी एक सांगून ठेवलीय.
त्यानं बसवलेल्या बाजूची."

परतीच्या बसमध्ये बरणी त्याच्या मांडीवर,
दोन्ही हातांत, जणू गरम आहे.
नदी गेली, लाकडाची वखार गेली.
मग विचारलं,
"तुमच्याकडे पाटी पुसतात कशी?"
"ओल्या फडक्यानं. आई जवळ नसेल तर थुंकीनं."
त्यानं मान हलवली.
"आणि खिळ्यानं लिहिलं असेल तर?"

आमचा थांबा आला.
त्याच्या बुटाला नमद्याचा एक धागा अजून चिकटलेला होता.
जिन्यात तो म्हणाला, वसंताला अजून पाच महिने आहेत,
आणि शिडी तळघरातच आहे.