टाचण

रात्री साडेदहाला वहीत आखलं:
पाच मिनिटं प्रस्तावना, बारा प्रयोग,
मग तीन प्रश्न, सोपा आधी.
घटक: बाष्पीभवन.
पूर्वज्ञानाच्या रकान्यात 'नाही' लिहून
निजले.

सकाळी पाचपावलीच्या वर्गात
ओला रुमाल पंख्याखाली धरला, तेवढ्यात
मागच्या बाकावरून लोकेश हेडाऊ,
होळीपासून बापासोबत घरोघर
कूलरच्या जाळ्यांत वूड भरणारा:
"मॅडम, हवा पाणी पेते ना,
मंग थंडी होते."

बारा मिनिटांचा प्रयोग
हातातच राहिला,
वाळायलाही लागला.

खडू त्याला दिला.
त्यानं कूलर काढला, पंप उलटा;
मुलींनी भांडून सुलटा करवला.

घंटा झाली, तिन्ही प्रश्न तसेच.
'नाही' खोडलंय.
त्या जागी काय लिहू?
शनिवारी वही सहीला जाते.