घर ओढण्याचा दिवस

एदुविहेसबाईचं घर समुद्राने खायला घेतलं होतं.
आधी कोंबड्यांचं खुराडं गेलं, मग कुंपण,
मग एका रात्री सफरचंदाचं झाड,
मुळांसकट, आवाज न करता.
नवऱ्याला त्याने आधीच नेलं होतं.

आमच्या चिलोए बेटावर घर मोडत नाहीत, ओढतात.
खाली ओंडके, पुढे बैल, मागे माणसं,
खाडी लागली की भरतीवर तरंगवत पलीकडे.
मजुरी कोणी घेत नाही.
पण रीत अशी, की ज्याची गरज
त्यानेच दारोदार जाऊन मागायचं.
तोंडाने. चिठ्ठी चालत नाही.

ती बाई मागणाऱ्यातली नव्हती.
मीठ संपलं तर अळणी जेवायची.
माझे वडील देवळाचे फिस्काल;
पाद्री वर्षातून दोनदा बोटीने यायचा,
मधल्या सगळ्या प्रार्थना, सगळी मयतं वडिलांच्या माथी.
ते तिला म्हणाले, "द्यायला हात पुरतात, बाई.
मागायला अख्खं माणूस लागतं."

यादी मी लिहिली. नऊ वर्षांची होते, अक्षर बरं होतं.
बावीस घरं, सात बैलजोड्या.
उतार मोठा, आठवी हवीच होती.
आठवी होती बेलार्मीनोकडे.

तिचा नवरा बुडाला ती बोट
बेलार्मीनोने बांधलेली.
मयताला तो आला, टोपी हातात धरून,
आणि तिने सगळ्यांदेखत त्याच्याकडे बोट दाखवलं.
अकरा वर्षं झाली.
त्यानंतर त्याने रंध्याला हात लावला नाही.

आदल्या रात्री ती कंदील घेऊन निघाली.
वडिलांनी मला बरोबर धाडलं,
त्याचे कुत्रे मला ओळखायचे म्हणून.
दार उघडलं. ती म्हणाली,
"घर ओढायचंय."
एवढंच.
तो कंदिलाकडे बघत राहिला.
मग दार लोटलं.
परतताना तिने विचारलं, "आपटलं नाही ना?"
नाही, मी म्हटलं.
वाटेत तिने हे तीनदा विचारलं.

सकाळी धुकं इतकं, की बैलांची फक्त वाफ दिसत होती.
वडिलांनी प्रार्थना सुरू केली,
आणि आमेनच्या आधीच
मागून जुवाची करकर आली.
कोणी वळून पाहिलं नाही.
सगळ्यांनी आमेन जरा मोठ्याने म्हटलं.

येशूचं नाव त्या दिवशी दोनदा घेतलं गेलं:
एकदा तेव्हा,
एकदा उतारावर साखळी तुटली तेव्हा,
आणि दुसऱ्यांदा जास्त मनापासून.

घर घसरलं, माणसं पांगली.
खालच्या अंगाला एकटा बेलार्मीनो,
भिंतीला पाठ लावून, पिंढऱ्यांपर्यंत चिखलात,
"ओंडका! ओंडका सारा!" ओरडत.
एकटा माणूस घर थोपवू शकत नाही.
पण तेवढ्यात बाकीच्यांना लाज वाटली
आणि ती परत आली.

दुपारी घर खाडीत उतरलं,
चार होड्यांच्या मागे, वासराच्या चालीने.
पलीकडे लागल्यावर ती केरसुणी घेऊन आत शिरली,
पाणी काढायला.
आत पाणी नव्हतं.
वाकून पाहिलं, तर जमिनीच्या फटीफटीत
ताजा काथ्या, ताजं डांबर,
बोटीच्या तळाला भरतात तसं, घट्ट.
कधी भरलं, कोणी,
एवढ्या धुक्यात, एवढ्या रात्री?
तिने विचारलं नाही.
फक्त बराच वेळ उकिडवी बसून
एका फटीवरून अंगठा फिरवत राहिली.

संध्याकाळी मेंढीचा रस्सा होता, बटाटे होते.
बेलार्मीनो उभ्यानेच जेवला.
नखं काळी होती.
तिने त्याला दुसऱ्यांदा वाढलं,
पळी तळापर्यंत घालून.

ते दोघं नंतर फार बोलले असं नाही.
बोट तर त्याने पुन्हा बांधलीच नाही.
पण मीठ संपलं की ती
त्याच्याच दारात जायची.
आणि मी तिच्या चुलीशी पुष्कळदा बसलेय,
मला माहीत आहे,
मिठाची बरणी कधी कधी भरलेली असायची.