पान सात : तारा

रात्री अकराला मी तारा मोजत बसते.
आभाळातल्या नव्हेत, खांबांवरच्या.
लाल पेन्सिलीनं एकेक ओढते नकाशावर :
डोंगर ओलांडणारी जाड वाहिनी,
चर्चकडे गेलेली बारीक,
आणि टेलिफोनची ती मुकी, जी कुणीच उतरवली नाही.
उद्या विमान ओकच्या शेंड्यांवरून हातभर वाटेल इतकं खाली उडेल.
वैमानिकाला खांब दिसतो.
तार दिसत नाही.

सुरवंट अजून पापणीच्या केसाएवढे.
गेल्या जूनमध्ये त्यांनी पूर्वेचा उतार असा खाल्ला
की भर उन्हाळ्यात डोंगर हिवाळ्यासारखा उभा,
आणि रात्री झाडाखाली थांबलं तर सर पडल्याचा आवाज :
त्यांच्या लेंड्यांचा.
म्हणून ही फवारणी. पानं अर्धी उमललेली,
दहा दिवस हातात. त्यातले चार धुक्यात गेले.

तक्ता विचारतो :
वारा किती झाला की थांबायचं?
शाळेची बस पुलावर किती वाजता?
टर्कीच्या शिकारीला रानात कोण कोण?
जवळचं इस्पितळ : बेचाळीस मिनिटं.
हेलिकॉप्टर उतरेल कुठं? स्टॉलनेकरांच्या गवतात, कुंपण कापून.
कुंपण कापायची कात्री कुणाच्या गाडीत?
(माझ्या. दोनदा पाहिलं.)

गुरुवारी बंबवाल्यांच्या हॉलमध्ये ओलेटा टेटर आली,
वय एक्याऐंशी, हातात ओढ्याच्या पाण्याची बरणी.
"यातल्यांना काय होईल?"
काही नाही, म्हटलं, हे औषध पान खाणाऱ्या सुरवंटांनाच.
"सगळ्याच?"
आत्ता बाहेर असतील त्या सगळ्यांना.
"म्हणजे माझ्या फुलपाखरांच्याही."
मी खोटं बोलले नाही. गप्प राहिले.
वहीत लिहिलं : हरकत, एक.

दारात वळून ती म्हणाली,
"आणि हार्लनच्या केबलचं काय करणार?"
कुठली केबल?

पुरात पूल गेला त्या वर्षी
तिच्या नवऱ्यानं खोऱ्यावर पोलादी दोर ताणला होता,
मॅपलपासून मॅपलपर्यंत.
दुधाचे कॅन जायचे त्यावरून. पीठ. एकदा डॉक्टरची बॅग.
झाडांनी दोन्ही टोकं गिळली. खांब नाही, नोंद नाही.
दुसऱ्या दिवशी ती काठीनं दाखवत राहिली,
मला नुसतं आभाळ दिसत राहिलं,
मग एक खंड्या आला
आणि हवेतच बसला.

पहाटे लोनी क्रिट्सनं नकाशा मांडीवर घेतला.
एकोणिसाव्या लाल रेघेवर बोट फिरवलं,
परत फिरवलं.
"काल पाहणीला मी याच खोऱ्यातून गेलो," म्हणाला,
आणि कॉफी न पिताच उठला.

तक्त्यात एक रकाना आहे :
'थांबा' म्हणण्याचा अधिकार कुणाला?
उत्तर छापीलच येतं : प्रत्येकाला.
म्हणून ओलेटाला माझा नंबर दिला होता,
खिडक्या लाव, कपडे आत घे, काही वाटलं तर फोन कर.

सहा चाळीसला फोन.
"माझ्या चुलीचा धूर वाकलाय."

कड्यावर माझं यंत्र चार मैल दाखवत होतं. चार म्हणजे काहीच नाही.
पण खोऱ्यातला वारा वेगळा असतो.
असू शकतो.
तिच्या अंगणातल्या त्या झुडपावर
कोणते सुरवंट असतील ते मला ठाऊक होतं,
आणि मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं.
नियम म्हणतो, थांबा म्हणणाऱ्याला आधी थांबू द्या,
मग विचारा.
मी बटण दाबलं. थांबा.
पिवळं विमान कड्यावर कललं,
अर्धी टाकी घेऊन परत गेलं.

मग विचारायचं राहिलं.
कारणाच्या रकान्यात लिहिलं : धूर.
सही केली.