पान दोनशे एक्केचाळीस

कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं
आणि पुन्हा बसले ते आत्मचरित्र घेऊन,
कुठल्याशा दूरदेशच्या मंत्र्याचं, भाषांतरित.
बाहेर सेहेचाळीस डिग्री. सीताबर्डीचा गोंगाटसुद्धा
सावली शोधून राहिला.

पान दोनशे एक्केचाळीस :
‘त्या रात्री बटणापासून आम्ही
अकरा मिनिटं दूर होतो.
मी फोन मागितला. लाईन लागेना.
तेवढ्यात माझा राग निवळला.’

लाईन लागेना.
इतकंच. पुढे करार, भाषण,
फोटोत सगळ्यांचे दात.

बत्तीस वर्षं ट्रंक एक्स्चेंजला होते मी, बाप्पा.
लाईन आपोआप लागत नाही.
न लागणंही
दरवेळी आपोआप नसतं.
कानाला हेडफोन, हातात कॉर्ड,
आणि पलीकडच्या श्वासावरूनच कळतं,
हा माणूस आत्ता बोलायला नको.

एकदा बैतूलचा कॉल मीही थांबवला होता.
‘रूट व्यस्त आहे’ म्हटलं, तीनदा.
रूट रिकामा होता.
नवरा आधी शिव्या देत होता बायकोला, मग मला,
मग नुसताच खोकला.
मग म्हणाला, ताई, लागला तर बघा ना.
तेव्हा जोडला.

मागची सूची पाहिली.
सेनापती आहेत, राजदूत आहेत,
साहेबांचा कुत्राही आहे, दोन पानांवर.
ती नाही.

पेन्सिलीनं समासात लिहिलं :
ऑपरेटर, रात्रपाळी.
नावापुरती जागा सोडली.

पुस्तक वाचनालयाचं. काळमेघबाई
दंड लावतील.
कूलर खडखडून राहिला,
पाणी संपलं वाटतं.