वाटे

परळला, तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या घरघरीत
मी एका थेंबाचे वीस हजार थेंब करते.
आईला सांगितलं तर ती हसते,
"एवढे वाटे? मग गिऱ्हाईकां किती गो तुझी?"

गिऱ्हाईक एकच, आई.
त्याला नाव नाही, बारकोड आहे.
वय नऊ. उपचार संपून सात महिने.
फॉर्मच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी अंगठ्याचा
तेलकट डाग, वडापावचा असावा.

शोधायचं ते एवढंसंच:
दोन गुणसूत्रं कधीतरी मोडली
आणि चुकीच्या टोकांना सांधली गेली,
तो सांधा अजून रक्तात आहे का.
लाखभर निरोगी पेशींच्या गलक्यात
एखादीच पुटपुटत असेल
तर साध्या नळीत ऐकू येत नाही.

आई भाऊच्या धक्क्यावरून जवळा आणायची.
टोपलीत हात घालायची नाही आधी.
फळीवर मूठमूठ पसरायची,
नखाएवढं केंड आलेलं असेल तर कळावं म्हणून.
"ढिगान दिसत नाय, वाट्यान दिसतं."
मी तेव्हा सातवीत, नाक दाबून बसलेली.

आता मी कार्ट्रिजच्या आठ खणांत
वीस वीस मायक्रोलिटर सोडते,
शेजारच्या खणांत तेल.
रबराची पट्टी ताणून बसवायची, झाकण, बटण.
दोन मिनिटांत वर पातळ ताकासारखा थर.
तो उचलताना श्वास रोखायचा.
घाई केली की थेंब फुटतात,
फुटलेले एकमेकांत मिसळतात
आणि सगळं पुन्हा ढीग.

मग यंत्र. चौऱ्याण्णव, साठ, चौऱ्याण्णव, साठ.
चाळीस वेळा तापणं, चाळीस वेळा निवणं.
ज्या थेंबात तो सांधा असेल
तिथे एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ,
त्या एवढ्याशा खोलीत ओरडून ओरडून
उजेड होईपर्यंत.
बाकीचे थेंब नुसतेच गरम होतात.

या वेळात मी डबा खाते.
खिडकीतून खालचा फुटपाथ दिसतो,
निळी ताडपत्री, स्टोव्ह,
एक्स-रेच्या पिवळ्या पाकिटावर डोकं ठेवून झोपलेला माणूस.
यातलं कुणाचं रक्त वर आहे, मला माहीत नसतं.
माहीत नसलेलं बरं, असं बलसारा मॅडम म्हणतात.

साडेपाचला रीडर एकेक थेंब लेझरसमोरून नेतो.
स्क्रीनवर करड्या ठिपक्यांचा जाड पट्टा,
वर रिकामं आभाळ.
पहिल्या खणात, रेषेच्या वर, तीन निळे.
दुसऱ्यात काही नाही.
तिसऱ्यात काही नाही.
चौथ्यात एक.
नुसत्या पाण्याच्या खणात शून्य,
म्हणजे माझ्या हातून काही सांडलेलं नाही.
सांडलं असतं तर आज मला चाललं असतं.

गंमत अशी, की सगळा हिशोब रिकाम्यांचा असतो.
किती थेंब कोरे राहिले
त्यावरून काढायचं, मुळात किती होते.
अठरा हजार चारशे बारांपैकी
अठरा हजार चारशे नऊ कोरे.
मी ते कोरे दोनदा पाहिले,
जणू त्यांनाच काही विचारायचं होतं.

मॅडमना फोन केला. त्या चहा घेत होत्या बहुतेक.
"तीन एटले तीन. रेषा हलवू नकोस हं,
वर पण नाही, खाली पण नाही."
मी रेषेला हात लावला नव्हता.
लावावासा वाटला होता.

रिपोर्टात लिहिलं:
आढळले. प्रमाण मोजण्याच्या मर्यादेखाली.
सहा आठवड्यांनी नमुना पुन्हा पाठवावा.
एवढ्या वाक्यात आई-बापांनी
सहा आठवडे कसं राहायचं
याला रकाना नाही.

गेटपाशी पिवळ्या पाकिटाचा माणूस जागा झाला होता.
"ताई, रिपोर्टची खिडकी किती वाजता?"
दहा, म्हटलं.
त्याने बोटांवर काहीतरी मोजलं
आणि स्टोव्हला पंप मारायला बसला.

घरी आईने विचारलं, "गावलं काय?"
"जरासं."
तिने ताटातली भाकरी मोडली,
मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला.
"जरासं हाय तवाच गावलेलं बरं," म्हणाली,
आणि मिठाची बरणी शोधत राहिली.