घट

मुहर्रकमध्ये रात्री अकरालाही भिंतीला हात लावावा
तर तवा.
आत, माझ्या डाव्या कोपराशी, उणे एकशे शहाण्णव.
नायट्रोजनची वाफ टेबलावरून उतरते
आणि बुटांवर रेंगाळते.

बाबा दर शुक्रवारी विचारतात,
तिकडे सोन्याचा भाव काय?
बावीस कॅरेटचा सांगते.
माझ्या बाटलीतल्या सोन्याचा सांगत नाही.
ते पिवळं नाही, बाबा.
आमसुलं भिजत घातलेल्या पाण्यासारखं दिसतं.
त्यातल्या कांड्या इतक्या बारीक
की बाटलीतलं सगळं सोनं एका पारड्यात घातलं
तरी तुमची गुंजच खाली बसेल.

एप्रिलच्या पुनवेनंतर होडीतून गेलो होतो,
पोवळ्यांच्या अळ्या गोळा करायला.
बू राशिदचा आजोबा इथंच मोती काढायचा.
त्यानं पाण्यात हात घातला, काढला,
कपड्याला पुसला, आणि काही बोलला नाही.
ऑगस्टात हा समुद्र छत्तिसावर जातो.
पोवळी पांढरी पडतात.

गोठवणं जमतं हो.
मारते ती परतीची वाट.
हळूहळू वितळवलं की बर्फाला सवड मिळते,
तो पेशीच्या आत सुया घडवत बसतो,
आणि थंडीत तगलेली उबेत फाटते.
म्हणून थेंबात सोनं.
म्हणून लेसरचा एकच ठोका,
पापणी लवायला निघण्याआधी.
सोनं तापतं, आतून बाहेरून एकदम,
बर्फाला व्हायला वेळच उरत नाही.

तुम्ही जन्मभर सोन्यात पोवळं बसवलंत,
मंगळाच्या मुलींसाठी,
कडा दाबून, ते हलू नये म्हणून.
मी पोवळ्याभोवती सोनं घालते
ते हलावं म्हणून.

घट फार आहे.
नव्वदांतून आज अकरा.
एवढी घट तुम्ही सोसली असती
तर शिरोड्याचं दुकान पहिल्या दिवाळीलाच बसलं असतं.

झाकण लावणार, तोच बिजी म्हणाली, थांब.
भिंगाखाली, अगदी काठाला,
मेली म्हणून मी खोडलेली एक
गरगरत होती, डावीकडून डावीकडे,
बिनकामाची, घाईत.

अकरा खोडून बारा लिहिलं.
पहाटेची बांग झाली.
यांना सोडायचं कुठल्या पाण्यात,
तो रकाना अजून कोराच आहे.